टांके निघाले म्हणजे माणूस बरा झाला काय?

परभणी जिल्ह्यांतील झरीसारख्या गांवीं दुचाकीवरून पडून डोक्यास मार लागलेला माणूस दवाखान्यांतून चालत घरीं आला, कीं 'बरा झाला' असा निकाल आम्ही सारे देऊन टाकतों. पुढें तो सांगितलेलें विसरूं लागला, लवकर थकूं लागला, क्षुल्लक कारणानें संतापूं लागला, कीं त्यालाच आळशी वा वेडा ठरवितों! हा न्याय आम्हांस मान्य नाहीं. हे स्वभावदोष नव्हेत. मेंदूच्या इजेचीं तीं लक्षणें होत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानें अपंगत्वाचे २१ प्रकार सांगितले; त्यांत या इजेचें स्वतंत्र नांव नाहीं. विसरावें कायद्यानें, आणि दोष मात्र विसराळू ठरलेल्या रुग्णाचा! कायदा सुधारेल तेव्हां सुधारो. टिपणाची वही, ठरलेली दिनचर्या, एका वेळीं एकच काम आणि विश्रांति, एवढें तरी घरानें त्यास आजच द्यावें.