बारा तारांची देवघेव

गाझियाबादच्या वैशाली भागात राहणाऱ्या एका मराठी कुटुंबात गणपतीच्या आधीच्या पंधरवड्यात एक वाद चांगलाच रंगला. घरातली मुलगी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. गिटार वाजवते. सोसायटीच्या गणेशोत्सवात तिने आणि तिच्या दोन मैत्रिणींनी स्वतः बांधलेली धून वाजवायची ठरवली होती. कार्यक्रमपत्रिकेत त्यापुढे 'स्वरचित' असे छापायलाही सांगून झाले होते. एका संध्याकाळी तालीम ऐकता ऐकता वडिलांनी हातातले वर्तमानपत्र खाली ठेवले.

"अगं, ही तर बर्ड्सची सुरावट. कॉलेजात असताना ती कॅसेट झिजेपर्यंत ऐकली आहे मी."

मुलीचा चेहरा पडला, मग ती चिडली. बर्ड्स नावाचा बँड तिने कधी ऐकलाच नव्हता. तिच्या कानात घोळत होते ते बीटल्सचे 'इफ आय नीडेड समवन', जॉर्ज हॅरिसनचे. "जे मी ऐकलेच नाही ते चोरणार कशी, बाबा?" तिने विचारले. वडिलांनी मोबाइलवर बर्ड्सचे 'द बेल्स ऑफ ऱ्हिम्नी' लावले. सुरुवातीचे सूर ऐकून ती गप्प झाली. मग म्हणाली, "पत्रिकेतून आमचे नाव काढून टाकते."

गंमत अशी की त्या दोघांचेही म्हणणे बरोबर होते.

गोष्ट सुरू होते 1964 च्या फेब्रुवारीत. बीटल्स पहिल्यांदाच अमेरिकेला गेले होते. न्यूयॉर्कमध्ये रिकेनबॅकर कंपनीने हॅरिसनला एक बारा तारांची इलेक्ट्रिक गिटार दिली. नेहमीच्या गिटारला सहा तारा असतात, हिला सहा जोड्या. वरच्या दोन जोड्यांतल्या तारा एकाच सुरात लावायच्या आणि उरलेल्या चार जोड्यांत एक तार दुसरीपेक्षा एक सप्तक चढी ठेवायची. दोन तारा कितीही काळजीपूर्वक मिळवल्या तरी केसभर फरक राहतोच, आणि त्या केसभर फरकातून तो झणत्कार उठतो. मूठभर घुंगरे एकदम हलवावीत तसा. त्याच वर्षी आलेल्या 'अ हार्ड डेज नाइट' या चित्रपटात ही गिटार जगाने पाहिलीही आणि ऐकलीही.

लॉस एंजेलिसमध्ये तेव्हा एक नवा बँड जमत होता, तोच पुढे बर्ड्स म्हणून गाजला. ही मंडळी तो चित्रपट पाहायला गेली. त्यांच्यातला गिटारवादक मॅग्विन चित्रपटगृहातून बाहेर पडला तो तसल्याच गिटारचा ध्यास घेऊन. थोड्याच दिवसांत त्याने रिकेनबॅकरची बारातारी विकत घेतली. म्हणजे पहिले कर्ज बर्ड्सने घेतले, बीटल्सकडून.

पण वाद्य घेतले म्हणजे वादन घेतले असे नव्हे. मॅग्विन शिकागोच्या लोकसंगीत शाळेत बँजो शिकलेला होता. बँजोवादक नख्या लावून एकेक सूर वेगळा छेडत जातो, सूर एकामागून एक ओघळत राहतात. मॅग्विनने तीच बोटे बारातारीवर चालवली. ध्वनिमुद्रणात कॉम्प्रेसर वापरून आवाज दाबला, त्यामुळे छेडलेला सूर पटकन विझेनासा झाला. बॉब डिलनचे 'मिस्टर टॅम्बोरीन मॅन' या पद्धतीने वाजले आणि 1965 च्या उन्हाळ्यात अमेरिका आणि इंग्लंड दोन्हीकडे पहिल्या क्रमांकावर गेले. हॅरिसनच्या हातात जी गिटार चित्रपटातून दिसली होती, तिला आता दुसऱ्याच घरचे वळण लागले होते.

बर्ड्सच्या त्या पहिल्या तबकडीवरच 'द बेल्स ऑफ ऱ्हिम्नी' होते. त्यातली घंटानादासारखी फिरत राहणारी सुरावट हॅरिसनच्या मनात बसली. डी कॉर्डचा आकार धरून ठेवायचा, वरच्या तारांवर एखादे बोट ठेवायचे, उचलायचे, एवढाच खेळ. सातव्या पडद्यावर कॅपो लावून त्याने त्या खेळातून आपले गाणे उभे केले. ऑक्टोबर 1965 मध्ये ते ध्वनिमुद्रित झाले आणि 3 डिसेंबरला 'रबर सोल'मधून लोकांपर्यंत पोचले.

आता हॅरिसनने पुढे काय केले ते पाहण्यासारखे आहे. डेरेक टेलर नावाचे गृहस्थ आधी बीटल्सचे आणि नंतर बर्ड्सचे प्रसिद्धीचे काम पाहत. त्यांच्याकरवी त्याने बर्ड्सला निरोप धाडला की हे गाणे तुमच्या त्या सुरावटीवरून सुचले आहे, आणि ड्रमचा ठेका तुमच्या 'शी डोन्ट केअर अबाउट टाइम'वरून. कुणी विचारले नव्हते, कुणी हरकत घेतली नव्हती. तरी त्याने कळवले. बर्ड्सला राग येण्याचे कारणच नव्हते. मुळात गिटार कुणाची पाहून घेतली होती ते त्यांना ठाऊक होते!

आणि 'बेल्स ऑफ ऱ्हिम्नी' तरी कुठे बर्ड्सचे स्वतःचे? शब्द वेल्समधल्या इड्रिस डेव्हिस या कवीचे. तो स्वतः कोळशाच्या खाणीत राबलेला. चाल पीट सीगरची. मुलीच्या धुनेचे माहेर शोधायला निघालेले हे घर असे एका खाणकामगाराच्या कवितेपर्यंत जाऊन पोचले.

इतका वेळ आजोबा आरामखुर्चीत डोळे मिटून होते. मूळचे मिरजेचे. बालपण सतारमेकरांच्या गल्लीच्या आसपास गेलेले, त्यामुळे तार वाजली की त्यांचा कान आपोआप जवारीकडे जातो. घोडीच्या पृष्ठभागाला तार जरा जरा टेकत राहिली की सुराला जी झळाळी येते ती जवारी. बारातारीचे तंत्र वेगळे, पण ऐकताना आजोबा म्हणाले, "हिच्यात जवारीसारखे काहीतरी आहे खरे."

त्यांचा शेरा अगदीच अस्थानी नव्हता. बर्ड्स लॉस एंजेलिसच्या ज्या वर्ल्ड पॅसिफिक स्टुडिओत तालमी करत, त्याच कंपनीने पंडित रविशंकरांच्या ध्वनिमुद्रिका अमेरिकेत काढल्या होत्या. ऑगस्ट 1965 मध्ये दोन्ही बँडची मंडळी लॉस एंजेलिसला भेटली तेव्हा मॅग्विन आणि डेव्हिड क्रॉस्बी यांनी हॅरिसनपाशी रविशंकरांचा विषय काढला. हॅरिसनच्या मनात सतारीचे कुतूहल आधीच जागे झाले होते, ते या बोलण्याने पक्के झाले. ऑक्टोबरात 'नॉर्वेजियन वुड'मध्ये त्याने सतार वाजवली. जुलै 1966 मध्ये बीटल्स दिल्लीत थांबले असताना त्याने कनॉट प्लेसच्या रिखी राम यांच्याकडून सतार घेतली आणि सप्टेंबरात तो थेट मुंबईत रविशंकरांपुढे शिकायला बसला. त्याच वर्षीच्या 'रिव्हॉल्व्हर' तबकडीवर अनिल भागवत या तबलावादकाचे नाव छापलेले आहे. 1968 च्या जानेवारीत हॅरिसनने मुंबईच्या एचएमव्ही स्टुडिओत 'वंडरवॉल म्युझिक'चे काही भाग ध्वनिमुद्रित केले, तेव्हा बासरीवर एस. आर. केंकरे होते. एका बँडने दुसऱ्याला सतारीची गोडी लावली आणि ती वाट आपल्या दारापर्यंत आली.

"मग आमची धून चोरीची की नाही?" मुलीने पुन्हा मूळ प्रश्नाला हात घातला.

आजोबांनी भीमसेन जोशींचे उदाहरण दिले. अब्दुल करीम खाँसाहेबांची तबकडी ऐकून झपाटलेला हा मुलगा 1933 मध्ये, अकराव्या वर्षी, घर सोडून गुरूच्या शोधात निघाला. पुढे सवाई गंधर्वांकडे किराणा घराण्याची तालीम घेतली. तरी केसरबाई केरकर आणि अमीर खाँ यांच्या गाण्यातून आपण काय उचलले हे ते मोकळेपणाने सांगत. ऐकणाऱ्याला मात्र पहिल्या आलापात कळते की हे भीमसेनच. कुमार गंधर्व लहानपणी मोठमोठ्या गवयांच्या तबकड्या हुबेहूब गाऊन दाखवत. लोक थक्क होत. पण आज कुमारांचे नाव निघते ते त्या नकलांसाठी नाही.

वडिलांना हे सगळे पटले, पण त्यांनी एक खडा टाकलाच. निरोप धाडणारा हाच हॅरिसन पुढे न्यायालयात हरला होता. 1970 च्या त्याच्या 'माय स्वीट लॉर्ड' या गाण्याची चाल शिफॉन्स या मुलींच्या गटाच्या 1963 मधल्या 'ही इज सो फाइन'शी जुळते असा दावा लागला. 1976 मध्ये अमेरिकेतल्या न्यायाधीशांनी निकाल दिला की त्याने जाणूनबुजून चोरी केली नाही, पण नेणिवेतून ती चाल उतरली आणि तरीही ती नक्कलच. म्हणजे 'मला ठाऊक नव्हते' एवढ्याने माणूस सुटत नाही. मुलगी बर्ड्सचे नाव ऐकले नव्हते म्हणत होती, तिला हे जरा लागले.

उलट टोकाचीही चूक होते. 1980 च्या दशकात अमेरिकेचा आर.ई.एम. आणि इंग्लंडच्या मँचेस्टरचा द स्मिथ्स हे दोन्ही बँड अशाच झणझणत्या गिटारीसाठी नावाजले गेले. यातले कुणी कुणाचे घेतले यावर रसिक आजही तावातावाने भांडतात. पण आर.ई.एम.ची पहिली तबकडी 1981 ची आणि स्मिथ्स जमलेच 1982 मध्ये, तेव्हा निदान एका बाजूचा आरोप तारखांपाशीच अडखळतो. समीक्षकांनी दोघांनाही बर्ड्सच्या पंगतीला बसवले. दोन चुलतभावांची नाके सारखी दिसली म्हणून एकाने दुसऱ्याचे नाक घेतले असे कुणी म्हणत नाही, आजोबांचा फोटो पाहतात.

आवाजाचा पोत आणि सुरावट यांत फरक करावा लागतो, तो इथे. झणझणता आवाज कुणाच्या मालकीचा नाही. तो वाद्यातून येतो. लागोपाठचे ठरावीक सूर मात्र कुणीतरी जुळवलेले असतात. त्या कसोटीने मुलीची बाजू लंगडी होती. सुरुवातीच्या ओळी जवळजवळ तशाच होत्या. मधला भाग, जिथे धून भैरवीच्या अंगाने उतरते, तो मात्र तिचा आणि तिच्या मैत्रिणींचा होता. तो ना बर्ड्सकडे सापडतो, ना बीटल्सकडे.

रविवारी तिघे वैशालीहून मेट्रोने राजीव चौकाला उतरून रिखी राम यांच्या दुकानात जाऊन आले. आजोबांनी तिथली एक सतार छेडून पाहिली आणि मिरजेची आठवण काढली. परतताना मुलीने कार्यक्रम ठरवणाऱ्या काकांना फोन केला. 'स्वरचित' हा शब्द काढायला सांगितले, नाव मात्र राहू दिले.

चौथ्या दिवशी संध्याकाळी आरतीनंतर तिघी मैत्रिणी मंचावर आल्या. मुलीने माईक हातात घेऊन सांगितले की सुरुवातीची सुरावट बर्ड्सकडून जॉर्ज हॅरिसनने घेतली, हॅरिसनकडून आम्ही घेतली, पुढचे आमचे आहे. मागच्या रांगेतल्या एका काकूंनी शेजारणीला हळूच विचारले, "बर्ड्स म्हणजे कोण गं?" तिलाही ठाऊक नव्हते. मग दोघी ऐकू लागल्या.