बाळाची तारीख दवाखान्यात, आई-बाप उसाच्या फडात

दसरा जवळ आला की आपल्या बीड जिल्ह्यात मुकादमांचे फोन सुरू होतात. आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, गेवराई, वडवणी, धारूर, केज अशा तालुक्यांतल्या वाड्या-तांड्यांवरून लाखोंच्या संख्येनं माणसं पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला निघतात. टोळी किती कोयत्यांची, उचल किती मिळाली, ट्रॅक्टर कुणाचा, याची चर्चा पारावर रोज होते. एका गोष्टीची चर्चा मात्र कुणी करत नाही. ज्या घरात जन्मापासून आजारी बाळ आहे, ज्याला रोज औषध लागतं, नळीनं दूध द्यावं लागतं, महिन्याला दवाखान्याची तारीख असते, त्या घरानं हंगामात काय करायचं?

हा प्रश्न एक-दोन घरांचा नाही. जगभरात दर हजार जन्मांमागे साधारण ८ ते १० बाळं हृदयात काही ना काही दोष घेऊन जन्माला येतात. त्यात वेळेआधी झालेली, डोक्यात पाणी झालेली, जन्मताना उशिरा रडलेली आणि पुढे फिट येणारी, फाटलेल्या टाळूची, वाकड्या पावलांची बाळं धरली तर मोठ्या गावात असं एखादं तरी घर सापडतंच. पूर्वी यातली बरीच बाळं वाचत नव्हती. आता जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांचा अतिदक्षता कक्ष आहे, अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय आहे, १०८ ची गाडी आहे. बाळं वाचतात. पण वाचलेलं बाळ घरी आल्यावर पुढची दोन-चार वर्षं कशी काढायची, हे सगळं घरावर सोडून दिलेलं आहे.

'सुट्टी झाली' म्हणजे काम संपलं नाही

दवाखान्यातून सुट्टी मिळाली की पाव्हणे-रावळे म्हणतात, "झालं एकदाचं, सुटलात." खरं काम तिथूनच सुरू होतं.

नाकातल्या नळीनं दूध द्यायचं म्हणजे दर दोन-तीन तासांनी द्यायचं, रात्रीसुद्धा. एका वेळेला अर्धा तास धरला आणि दिवसरात्रीत आठ वेळा दिलं, तर चार तास नुसते दूध पाजण्यातच जातात. नळी जागेवर आहे का ते प्रत्येक वेळी बघायचं, भांडी उकळायची, बाळाला तिरकं धरून बसायचं, ते वेगळंच.

तारखा तर फारच नाजूक असतात. ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या किंवा २ किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाच्या डोळ्यांचा पडदा जन्मानंतर ४ आठवड्यांच्या आत तपासावा लागतो. ती तपासणी चुकली आणि पडदा खराब होत असला, तर बाळाची नजर कायमची जाऊ शकते. वाकड्या पावलाला आठवड्याला नवं प्लास्टर लागतं आणि नंतर चार-पाच वर्षांचं होईपर्यंत रात्री बूट घालावे लागतात. ते मध्येच सोडले की पाऊल परत वळतं. फिटचं औषध दोन दिवस चुकलं तर मोठी फिट येऊ शकते. डोक्यातलं पाणी काढायला बसवलेली नळी बंद पडली, तर टाळू फुगते, बाळ उलट्या करतं, गुंगीत जातं. अशा वेळी हातात काही तास असतात.

म्हणजे या बाळाला रोज लागतो तो लक्ष ठेवणारा माणूस आणि ठरलेली तारीख. ऑपरेशन त्यामानानं क्वचित लागतं.

योजना कुठवर साथ देतात

योजना नाहीत असं म्हणता येणार नाही. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यात एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळाचे उपचार, औषधं, तपासण्या आणि वाहन मोफत आहे. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येऊन मुलं तपासतं. त्यातून हृदयाची ऑपरेशनं मोफत झालेली मुलं आपल्या जिल्ह्यात आहेत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचं कवच आहे.

पण या योजनांचा मुख्य हिशोब बाळ दाखल झाल्यापासून सुट्टी होईपर्यंत चालतो. काही निवडक आजारांत पुढच्या तपासण्याही बसतात. बाकी अंबाजोगाईला किंवा छत्रपती संभाजीनगरच्या घाटीला जायचं भाडं, तिथला जेवणखर्च, बुडालेली रोजंदारी आणि घरी लागणारं सामान हे सगळं घरच्यांनीच बघायचं. एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, पाच वर्षांच्या आतलं बाळ फुकट जातं, याचा आधार नक्की आहे. तरी तांड्यावरून एसटीच्या फाट्यापर्यंत पावसात तान्हं बाळ घेऊन जायला गाडी सांगावीच लागते.

आशाताईंच्या भेटींचंही तसंच. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर ४२ दिवसांत सहा भेटी, मग १५ महिन्यांपर्यंत तिमाहीला एक. निरोगी बाळाला हे पुरतं. आजारी बाळाच्या आईला कधी कधी आठवड्यातच चार प्रश्न पडतात.

कोयत्याचं गणित

आता यात ऊसतोड घाला. नवरा-बायको मिळून एक कोयता. बायको घरी राहिली तर अर्धा कोयता. उचल कुणाची पन्नास हजार, कुणाची लाखाच्या पुढे. त्यातली अर्धी बाळाच्या पहिल्याच दवाखान्यात खर्च झालेली असते. म्हणजे ज्या बाळासाठी उचल घेतली, त्याच बाळाला सोडून किंवा सोबत घेऊन ती फेडायला जावं लागतं.

घरापुढे तीनच रस्ते उरतात.

पहिला, बाळाला फडावर न्यायचं. कोपीत लाईट नाही, पाणी लांबून आणायचं, पहाटे चारला उठायचं, थंडी मी म्हणते. ऑक्सिजनचं मशीन, कफ ओढायचं मशीन, वाफेचं मशीन सगळं करंटवर चालतं. फिटचं औषध संपलं तर जवळचं मेडिकल कुठंय हे माहीत नसतं. दवाखान्याची तारीख आली तर खाडा पडतो आणि खाड्याचे पैसे कापले जातात.

दुसरा, बाळ आजीकडे ठेवायचं. आजीला नीट दिसत नाही, बाटलीवरचं एम.एल. वाचता येत नाही. मग आठवीतली मोठी बहीण शाळा सोडून घरी बसते. कागदावर ती 'गैरहजर', घरात मात्र तीच नर्स.

तिसरा, आईनं बाळाजवळ थांबायचं. बाप एकटा जातो, अर्ध्या कोयत्याची कमाई येते, उचल फिटत नाही आणि पुढच्या वर्षीची उचल कर्जातच सुरू होते.

तिन्हींत तोटा आहे. बाळाच्या दृष्टीनं तिसरा रस्ता सगळ्यात बरा, घराच्या खिशाच्या दृष्टीनं तोच सगळ्यात महाग. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचे दर ३४ टक्क्यांनी वाढवायचा करार झाला, तेव्हा जिल्ह्यात समाधान होतं आणि ते रास्तच होतं. पण दराच्या बोलणीत आजारी बाळासाठी मागे थांबणारी बाई कुठे बसत नाही. तिनं तोडलेला ऊस नाही, म्हणून तिचं कामही कुणाच्या वहीत नाही.

घरात आतल्या आत काय होतं

अशा घरात पहिला बोल आईला लागतो. ग्रहणात काही चिरलं का, पायगुण कसा आहे, माहेरी कुणाला असं होतं का. डॉक्टर सांगतात की बहुतेक जन्मजात दोषांत आईची काही चूक नसते. पण डॉक्टरांचं वाक्य दवाखान्यात राहतं आणि बोल घरात राहतो. मग अंगारे-धुपारे, देवऋषी यांत पैसा जातो. श्रद्धा ज्याची त्याची, पण त्या नादात फिटच्या गोळ्या बंद करणं जिवावर बेतू शकतं.

बापाचंही कुणी विचारत नाही. तो मुकादम, सावकार आणि दवाखाना या तिघांना तोंड देत असतो. बाळाजवळ बसायला त्याला वेळ नसतो आणि त्याला नळी लावायला कुणी शिकवलेलंही नसतं. दवाखान्यात जे काही शिकवतात ते आईलाच शिकवतात. मग ती आजारी पडली, माहेरी कुणाचं काही झालं, तर सगळं अडतं. रात्र-रात्र न झोपलेली बाई दिवसा चिडचिड करते, रडते, तर त्याला 'नखरे' म्हणतात. ती थकलेली असते, दुसरं काही नसतं.

म्हणून सुट्टी देण्याआधी घरातल्या दोन माणसांना सगळं शिकवायचं, असा नियम प्रत्येक सरकारी दवाखान्यानं पाळला पाहिजे. याला वेगळा निधी लागत नाही. दुसरा माणूस बाप असला तर फारच चांगलं.

धागा तुटतो कुठे

रेशन कार्डावर आता दुसऱ्या गावात धान्य मिळतं. पोषण ट्रॅकरमध्ये स्थलांतरित लाभार्थ्याची नोंद एका अंगणवाडीतून दुसऱ्या अंगणवाडीकडे नेता येते. मग आजारी बाळाची फाईलच का मागे राहते? बाल स्वास्थ्य पथक हिवाळ्यात अंगणवाडीत येतं तेव्हा बाळ सांगली-कोल्हापूरच्या कारखान्यावर असतं. इथल्या वहीत ते गैरहजर आणि तिथल्या वहीत त्याचं नावच नाही. सहा महिन्यांनी परत येतं तेव्हा पाऊल वळलेलं असतं, वजन घटलेलं असतं.

आरोग्य खात्याला हे जमण्यासारखं आहे. हंगामाआधी प्रत्येक उपकेंद्रानं अशा बाळांची यादी करायची. कुटुंब कुठल्या कारखान्यावर जाणार ते लिहून घ्यायचं आणि तिथल्या पथकाला नाव, आजार, पुढची तारीख कळवायची. कोल्हापूर, मिरज, सोलापूरला सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं आहेत. प्रत्येक तारखेला बीडलाच यायची गरज नाही. कारखान्यांनीही दवाखान्याच्या तारखेचा खाडा धरू नये आणि अशा कुटुंबाला दवाखान्याजवळच्या गटात काम द्यावं. कारखान्याच्या उलाढालीपुढे हा खर्च काहीच नाही.

निघण्याआधी एवढं करा

• बाळाची फाईल, सुट्टीचं कार्ड आणि औषधांची चिठ्ठी यांचे फोटो नवरा-बायको दोघांच्याही मोबाईलमध्ये ठेवा. कागद भिजतात, हरवतात.

• डॉक्टरांना स्पष्ट सांगा, "आम्ही अमुक कारखान्यावर जाणार आहोत." तिथल्या जवळच्या सरकारी दवाखान्याच्या नावानं चिठ्ठी मागा. औषधं जास्तीत जास्त किती दिवसांची मिळतील तेही विचारा.

• जन्मदाखला काढा, बाळाचं नाव रेशन कार्डात घाला. फुले योजनेची चौकशी दवाखान्यातल्या आरोग्यमित्राकडे किंवा १५५३८८ वर करा. कर्नाटकात जाणार असाल तर आयुष्मान कार्ड काढून न्या.

• बाळाला कायमचा त्रास राहणार असेल तर दिव्यांग प्रमाणपत्राला अर्ज करा. लहान मुलांचं प्रमाणपत्र बऱ्याचदा ठराविक मुदतीचं असतं, ती तारीख लिहून ठेवा. सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम, बौद्धिक अपंगत्व किंवा बहुविकलांगता असेल तर निरामय विमा योजनेची माहिती घ्या. तिच्यात १ लाखापर्यंतचं कवच आहे आणि बाह्यरुग्ण तपासणी, औषधं, थेरपीही बसते.

• बाळ दूध पिताना दमत असेल, कपाळाला घाम येत असेल, ओठ निळे पडत असतील, टाळू फुगली असेल, फिट थांबत नसेल किंवा बाळ उठवूनही उठत नसेल, तर खाड्याचा विचार न करता लगेच १०८ लावा.

गावाच्या हातात काय आहे

ग्रामपंचायतीनं स्वउत्पन्नाच्या ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करायची असते. बऱ्याच गावांत ती वर्षाअखेरीस कशीतरी वाटली जाते, किंवा पडून राहते. लहान गावात ही रक्कम मोठी नसते हे खरं. तरी दवाखान्याच्या फेऱ्यांचं भाडं, वाफेचं मशीन, बाळाला बसवायची खास खुर्ची एवढं त्यातून होऊ शकतं. प्रमाणपत्र नसेल तर ते काढून द्यायला ग्रामसेवकानं आणि आशाताईंनी मदत करावी.

२ ऑक्टोबरची ग्रामसभा टोळ्या निघायच्या तोंडावरच येते. त्या दिवशी एकच साधा प्रश्न विचारा : आपल्या गावात अशी किती बाळं आहेत आणि यंदा हंगामात त्यांच्याजवळ कोण थांबणार आहे? उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या. नावं लिहिली गेली की पुढच्या सभेत विचारता येतं, काय झालं म्हणून.