शटडाउन केले, तरी लॅपटॉप बंद झाला होता का?

जानेवारीच्या मध्यात मिरजेहून एका भगिनीचे पत्र आले. या सदराकडे येणारी पत्रे बहुधा चार ओळींची असतात, हे तीन पानी होते. घरात एकच लॅपटॉप, सात वर्षांचा. त्यावर विंडोज 10. मायक्रोसॉफ्टने 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा नियमित आधार बंद केला आणि विंडोज 11 या जुन्या यंत्रावर बसत नाही. म्हणून डिप्लोमाला असलेल्या मुलाने विंडोज तशीच ठेवून शेजारी लिनक्स मिंट टाकले. लॅपटॉप सुरू केला की कोणत्या प्रणालीत जायचे ते विचारतो. यालाच ड्युअल बूट म्हणतात.

दोन महिने सगळे सुरळीत चालले. मग लिनक्समधून वायफाय गेले. विंडोजमध्ये आहे, लिनक्समध्ये नाही. त्यात मुलीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा होता, मुदत तीन दिवसांवर आली होती आणि उत्पन्नाचा दाखला, गुणपत्रिका, सगळे स्कॅन करून तिने लिनक्सच्या बाजूला ठेवले होते. विंडोजला लिनक्सचा भाग सहसा वाचता येत नाही. मुलाच्या वडिलांचे मत ठाम होते: चांगल्या चाललेल्या यंत्रात पोराने नसती उठाठेव केली, ते लिनक्स पुसून टाका. पुसले असते तर दाखलेही गेले असते!

पत्रात शेवटी एक ओळ जाता जाता लिहिली होती. लॅपटॉपवर अजानचा प्रोग्रॅम आहे, तो हल्ली जोहरच्या वेळेला मगरीबची अजान देतो आणि धाकटी मुले हसतात. आम्हाला सगळ्यात उपयोगी पडली ती हीच ओळ.

अंकातून उत्तर द्यायचे तर मुदत उलटून गेली असती. पत्रावर नंबर होता, म्हणून आम्ही फोन केला. पहिला प्रश्न, त्याच वायफायवर मोबाइल चालतो का? चालत होता, म्हणजे राउटर ठीक. विंडोजमध्ये नेट येते, म्हणजे लॅपटॉपचे वायफाय कार्डही जिवंत. मग लिनक्समध्ये नेमके काय दिसते? हा प्रश्न लोक टाळतात आणि नुसते ‘नेट नाही’ एवढेच सांगतात. वायफाय जोडलेले दिसते पण पाने उघडत नाहीत, हा एक आजार. वायफायची यादीच येत नाही, जणू कार्डच नाही, हा दुसरा. इथे दुसरा होता.

मग मुलाला विचारले, विंडोज बंद कशी करतोस? तो जरा दुखावलाच. म्हणाला, “मी नीट शटडाउन करतो, बटण दाबून कधीच बंद करत नाही.” बिचारा खरे बोलत होता आणि घोटाळा तिथेच होता.

2012 साली आलेल्या विंडोज 8 पासून ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आहे आणि बहुतेक यंत्रांवर ती आधीपासूनच चालू असते. शटडाउन म्हटले की विंडोज आपले उघडे प्रोग्रॅम बंद करते, पण स्वतःचा गाभा आणि ड्रायव्हरांची स्थिती डिस्कवर जपून ठेवते, म्हणजे सकाळी लवकर उठता येते. दुकानदाराने रात्री शटर ओढावे आणि घरी न जाता गल्ल्याची किल्ली उशाखाली घेऊन आतच निजावे, तसे हे. काही वायफाय आणि केबलची कार्डे अशा वेळी अर्धवट झोपेत राहतात. पुढे लिनक्स सुरू झाले की त्याला कार्ड जागे करता येत नाही. गंमत म्हणजे ‘रीस्टार्ट’ केले तर विंडोज पूर्ण बंद होऊन नव्याने सुरू होते. नावावरून उलटेच वाटते.

म्हणून मुलाला सांगितले, विंडोजमध्ये जा, शटडाउन करू नकोस, रीस्टार्ट कर आणि तिथूनच लिनक्स निवड. पाच मिनिटे फोन चालूच होता. मग मागून मुलीचा आवाज आला, “आलं! शेजाऱ्यांचंसुद्धा दिसतंय!”

कायमचा उपाय विंडोजमध्ये करायचा. कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्स उघडा. डावीकडे ‘चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू’ यावर जा, मग ‘चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल’ यावर क्लिक करा. खाली ‘टर्न ऑन फास्ट स्टार्टअप’ पुढची खूण काढून सेव्ह करा. विंडोज सुरू व्हायला थोडा जास्त वेळ लागेल, तेवढाच तोटा. मोठे अपडेट आले की ती खूण परत आली नाही ना, हे पाहून घ्या. याचा आणखी एक फायदा आहे. विंडोज अशी अर्धवट झोपलेली असताना लिनक्समधून तिच्या भागात फाइली लिहिल्या तर त्या खराब होऊ शकतात. निकाहाचे फोटो असलेल्या डिस्कवर असा प्रयोग नको.

रीस्टार्टनेही कार्ड दिसले नाही तर यंत्र पूर्ण बंद करून चार्जर काढा, निघत असेल तर बॅटरीही काढा आणि पॉवरचे बटण अर्धा मिनिट दाबून धरा. तेही नाही तर कीबोर्डवरचे विमानाचे चित्र असलेले बटण चुकून दाबले गेले आहे का, ते पाहा. घरात लहान मुले असतील तर आम्ही आधी तेच पाहतो. आणि अगदीच घाई असेल तर मोबाइल केबलने जोडून त्यात यूएसबी टेदरिंग चालू करा. अँड्रॉइड मोबाइल असेल तर लिनक्स तो सहसा लगेच ओळखते.

आता अजानचे कोडे. लॅपटॉपच्या आत एक छोटे घड्याळ असते. विंडोज त्यात इथली वेळ ठेवते, लिनक्स मात्र त्यात जागतिक वेळ आहे असे धरून चालते आणि आपल्यासाठी साडेपाच तास मिळवते. नेट असले की लिनक्स वेळ तपासून दुरुस्त करते. नेट गेले आणि ती दुरुस्ती थांबली. दुपारी पाऊण वाजता लिनक्सच्या घड्याळात सव्वासहा वाजत होते आणि प्रोग्रॅम आपले काम चोख करत होता. म्हणजे वायफाय आणि अजान या दोन तक्रारी नव्हत्याच.

नेट आल्यावर घड्याळ आपोआप बरोबर झाले. पण ड्युअल बूटमध्ये ही ओढाताण पुन्हा होऊ शकते, कारण लिनक्सने त्या घड्याळात जागतिक वेळ लिहिली की विंडोज साडेपाच तास मागे पडते. लिनक्सच्या टर्मिनलमध्ये एक आज्ञा दिली की दोघांचे एकमत होते: टाइम, डेट आणि सीटीएल ही अक्षरे जोडून एक शब्द, मग जागा सोडून सेट-लोकल-आरटीसी, पुन्हा जागा सोडून 1. सगळी अक्षरे इंग्रजीतली, छोटी.

अर्ज त्याच रात्री इशानंतर भरला गेला, अलहम्दुलिल्लाह. फोन ठेवण्याआधी मुलाच्या वडिलांनी तो हातात घेतला.

“म्हणजे पोराचं काही चुकलं नव्हतं?”

“काही नाही,” आम्ही म्हणालो.

ते थोडे थांबले. मग मुलाला हाक मारून म्हणाले, “अरे, माझ्या दुकानातल्या कॉम्प्युटरवरही बसेल का हे लिनक्स?”