नळी आधीं कीं बैठक आधीं?

मागें एका हिवाळ्यांत आमचा एक विद्यार्थी खिन्न मुद्रेनें आम्हांकडे आला. तेजोमेघांचीं छायाचित्रें घेतां यावींत म्हणून त्याच्या वडिलांनीं त्यास मोठ्या हौसेनें एक दुर्बीण घेऊन दिली होती. तीन रात्री तो गच्चीवर जागला. परंतु कॅमेऱ्यांत ताऱ्यांच्या ठिकाणीं केवळ रेघा उमटल्या. चौथ्या रात्रीं दुर्बीण कपाटावर गेली. आम्ही त्याच्या घरीं जाऊन ती पाहिली, तों नळी चांगली होती, आरसाहि निर्दोष होता. परंतु तिपाई बोट लावतांच थरथरत होती. दोष मुलाचा नव्हता, बैठकीचा होता.

यावरून आमचें असें मत बनलें आहे कीं, ज्यास आकाशाचें छायाचित्रण शिकावयाचें आहे, त्यानें पैशाचा विचार करितांना प्रथम बैठकीचा व नंतर नळीचा करावा. बैठक म्हणजे दुर्बीण जिच्यावर बसवितात तो आधार. बाजारांत तिला माउंट म्हणतात. दुकानांत मात्र आपण नळीची रुंदी विचारतों, किती पट मोठें दिसतें हें विचारतों, आणि बैठकीकडे पाहतहि नाहीं.

बैठकीस एवढें महत्त्व कां? पृथ्वी २३ तास ५६ मिनिटांत स्वतःभोंवतीं एक फेरा करिते. म्हणून आकाश चार मिनिटांत सुमारें एक अंश, म्हणजे पूर्णचंद्राच्या दुप्पट रुंदीइतकें, सरकतें. डोळ्यास हें जाणवत नाहीं. परंतु मंद प्रकाश सांठविण्यासाठीं कॅमेऱ्याचा पडदा बराच वेळ उघडा ठेवावा लागतो, आणि तेवढ्यांत तारा जागचा हलतो. ढोबळ नियम असा कीं, ५०० या संख्येस भिंगाच्या मिलिमीटरांतील केंद्रांतरानें भागिलें असतां किती सेकंद थांबतां येईल तें कळतें. ५० मिलिमीटरांच्या भिंगास १० सेकंद मिळतात. १००० मिलिमीटरांच्या दुर्बिणीस अवघा अर्धा सेकंद! आजच्या सूक्ष्मग्राही कॅमेऱ्यांस तर याहूनहि कमी.

बैठकीचे मुख्य प्रकार दोन. पहिली वर-खालीं व डावी-उजवीकडे फिरते. ती स्वस्त व सुटसुटीत असून पाहण्यास उत्तम. चंद्राचें चित्र सेकंदाच्या अल्पांशांत येत असल्यामुळें त्यासहि ती पुरते. परंतु तिला यंत्रानें ताऱ्यामागें फिरविलें, तरी दीर्घ चित्रांत मध्यबिंदूभोंवतीं सारें दृश्य हळूहळू वळतें. जुन्नरजवळील गिरवलीच्या वेधशाळेंतील दोन मीटर व्यासाची दुर्बीण याच प्रकारच्या बैठकीवर आहे. पण तेथें मागील उपकरणें फिरवून हा दोष घालविण्याची सोय केलेली असते. विद्यार्थ्याच्या गच्चीवर ती कोठून येणार?

दुसरी विषुववृत्तीय बैठक. हिचा एक अक्ष पृथ्वीच्या आंसाशीं समांतर ठेवितात, म्हणून तो एकच अक्ष संथपणें फिरविला कीं तारा जागीं राहतो. फ्राउनहोफर यानें डोर्पाटच्या वेधशाळेसाठीं केलेली प्रसिद्ध दुर्बीण १८२४ सालीं अशाच बैठकीवर घड्याळी यंत्रानें चालत असे. या अक्षाचा कल आपल्या गांवाच्या अक्षांशाइतका असावा लागतो: पुण्यास सुमारें साडेअठरा अंश, नागपुरास एकवीस. अर्थात् आपल्याकडे ध्रुवतारा क्षितिजापासून फारसा उंच नसतो. ज्या गच्चीवरून उत्तर दिशा मोकळी दिसत नाहीं, तेथें ही बैठक लावणें कठीण, हें विकत घेण्यापूर्वींच पाहावें. शिवाय बैठक जेवढा भार पेलते असें विक्रेता सांगतो, त्याच्या निम्म्याहून अधिक भार छायाचित्रणासाठीं तिजवर घालूं नये.

कोणी पालक म्हणतील, "मुलाची हौस टिकते कीं नाहीं हें कळण्यापूर्वींच एवढा खर्च कशास?" शंका रास्त आहे. पण त्यावर उपाय डळमळती दुर्बीण घेणें हा नव्हे. अशा दुर्बिणीनेंच हौस मरते. आरंभीं दुर्बीण मुळींच घेऊं नये. दोन फळ्या एका कडेस बिजागरीनें जोडाव्या. बिजागरीपासून २२९ मिलिमीटरांवर, ज्याचे आटे एकेक मिलिमीटरावर आहेत असा स्क्रू खालच्या फळींतून बसवावा. तो फिरला कीं वरची फळी उचलली जाते. बिजागरीची रेषा ध्रुवाकडे रोखावी, फळी आकाशाबरोबर पश्चिमेकडे कलेल अशी मांडणी करावी, आणि घड्याळाकडे पाहून स्क्रूस मिनिटास एक फेरा द्यावा. वरच्या फळीवरील साध्या कॅमेऱ्यास दोन-तीन मिनिटें तारे स्थिर मिळतात. ही विषुववृत्तीय बैठकच आहे. फक्त ती सुताराच्या कामाची आहे.

आमच्या त्या विद्यार्थ्यानें हेंच केलें. पहिल्या दोन फळ्या वांकड्या बसल्या. तिसऱ्या खेपेस मृगनक्षत्राचें चित्र आलें, आणि त्यांत तारे रेघा नसून ठिपके होते. तें चित्र त्यानें प्रथम वडिलांस दाखविलें. दुर्बीण अद्याप कपाटावरच आहे. मात्र आतां तो तिच्याकरितां चांगल्या बैठकीसाठीं पैसे सांठवीत आहे. पालकांस आमची एवढीच विनंती आहे कीं, दुकानांत गेल्यावर नळीकडे पाहण्यापूर्वीं एकदां तिपाईस बोट लावून पाहावें.