चारच तारा का?

सहा, सात किंवा नऊ तारांचा बेस वाजवणाऱ्या कुणाचा व्हिडिओ आला की आमच्या मित्रमंडळात पहिला टोमणा ठरलेला असतो. "जेम्स जेमर्सनने चार तारा आणि एका बोटावर अख्खं मोटाऊन उभं केलं. ह्याला नऊ कशाला लागतात?" टोमणा मारणारा खोटं बोलत नसतो. जेमर्सन उजव्या हाताच्या फक्त तर्जनीने वाजवायचा आणि त्याच्या फेंडर प्रिसिजनला चारच तारा होत्या. जॅको पास्टोरियसलाही चारच पुरल्या. 'पोर्ट्रेट ऑफ ट्रेसी' ऐका, १९७६ चं आहे. चार तारांच्या बेसमधून हे सगळं निघतंय ह्यावर आजही पटकन विश्वास बसत नाही.

दुसऱ्या बाजूला भक्तमंडळी असतात. त्यांचं म्हणणं एवढंच, की बाप रे, नऊ तारा! म्हणजे माणूस भारीच असणार. मला हे दोन्ही पक्ष एकाच माळेचे मणी वाटतात. दोघंही खुंट्या मोजतात. ती जादाची तार कुठलं काम करायला लावली आहे, हे दोघंही विचारत नाहीत. मी पाच तारांचा बेस वाजवतो (शनिवार-रविवार, ऑफिसातल्या चौघांबरोबर, श्रोते बहुधा शून्य), तेव्हा मी तटस्थ वगैरे नाही हे आधीच सांगून टाकतो.

तर मुळात चार हा आकडा आला कुठून? लिओ फेंडरने १९५१ साली प्रिसिजन बेस बाजारात आणला, तो उभ्या डबल बेसला पर्याय म्हणून. डबल बेसला चार तारा, म्हणून ह्यालाही चार, आणि सूरही तेच: ई, ए, डी, जी. अंग मात्र गिटारचं. मांडीवर किंवा गळ्यात घ्यायचं, पडदे असलेलं. आपल्या धंद्यातल्या भाषेत सांगायचं तर ही बॅकवर्ड कंपॅटिबिलिटी झाली. जुन्या वाद्याचा वादक दुसऱ्या दिवशी नवं वाद्य घेऊन कामावर जाऊ शकला पाहिजे. निर्णय उत्तमच होता. पण जुन्या सिस्टीमशी जुळावं म्हणून ठेवलेली डीफॉल्ट व्हॅल्यू पुढे लोक घटनेचं कलम असल्यासारखी जपतात, तसं ह्या चाराचं झालं.

गंमत म्हणजे खुद्द फेंडर कंपनीला चार हा आकडा पवित्र वाटत नव्हता. १९६१ साली त्यांनी सहा तारांचा बेस काढला. तो म्हणजे एक सप्तक खाली उतरवलेली गिटारच, आणि तसा प्रकार डॅनइलेक्ट्रोने १९५६ सालीच आणला होता. पण मला त्याहून रस आहे तो १९६५ च्या 'बेस फाइव्ह'मध्ये. पाच तारा, जादाची तार वरच्या बाजूला, म्हणजे 'सी'ची. आणि पडदे फक्त पंधरा! लोक हसले, वाद्य चाललं नाही, काही वर्षांत बंद पडलं.

आता जरा हिशेब करू. नेहमीच्या चार तारांच्या फेंडरवर वीस पडदे असतात. 'जी'च्या तारेवर विसाव्या पडद्याला जो सूर येतो, तोच बेस फाइव्हवर 'सी'च्या तारेवर पंधराव्या पडद्याला येतो. अगदी तोच. म्हणजे पाचवी तार लावून त्यांनी वाद्याचा पल्ला एका सुरानेही वाढवला नाही. वाढवली ती फक्त डाव्या हाताची सोय. जे सूर काढायला हात दांडीवरून खाली-वर पळवावा लागायचा, ते एका जागी बसून शेजारच्या तारेवर मिळायला लागले. "जास्त तारा म्हणजे जास्त सूर" हे समीकरण इथेच मोडतं.

सहा तारांचंही मुख्य कारण मला हेच वाटतं. डावा हात चार पडद्यांवर ठेवा आणि हलवू नका. चार तारांवर सगळ्यात खालच्या आणि सगळ्यात वरच्या सुरात दीड सप्तकाचं अंतर मिळतं. सहा तारांवर तेच दोन सप्तकांच्या वर जातं. ज्याला स्टुडिओत समोर ठेवलेलं नोटेशन पहिल्यांदा बघून तिथल्या तिथे वाजवायचं आहे, त्याच्यासाठी ही चैन नाही, उपजीविकेचा प्रश्न आहे.

असाच एक स्टुडिओवाला म्हणजे अँथनी जॅक्सन. सहा तारांच्या आजच्या बेसचा जनक म्हणून त्याचंच नाव घेतात. ओ'जेजचं १९७३ चं 'फॉर द लव्ह ऑफ मनी' ज्या बेसच्या ओळीने सुरू होतं ती त्याची, आणि ती चार तारांवरची. म्हणजे चार जमत नव्हत्या म्हणून गडी सहांकडे गेला असं कुणी म्हणू नये. त्याचा युक्तिवाद सरळ होता. हे वाद्य गिटारच्या घराण्यातलं सगळ्यात खालच्या आवाजाचं वाद्य आहे, गिटारला सहा तारा, मग ह्याला चार का? १९७० च्या दशकाच्या मध्यावर त्याने कार्ल थॉम्पसन ह्या कारागिराकडून पहिला सहा तारांचा बेस बनवून घेतला. चारांच्या खाली एक 'बी', वर एक 'सी'. वाद्याला नाव दिलं 'काँट्राबास गिटार'. तारा फार जवळजवळ बसल्या, मनासारखं झालं नाही. मग दुसरा कारागीर, मग तिसरा, असं वर्षानुवर्षं चाललं आणि शेवटी ब्रुकलिनच्या फोडेरा कंपनीबरोबर त्याची गाडी रुळावर आली. त्या वाद्याची लांबी नेहमीच्या ३४ इंचांऐवजी ३६ इंच, आणि व्हॉल्यूम-टोनची बटणंच नाहीत. तो वाजवायचाही खाली बसून.

बटणं नसलेलं, बसून वाजवायचं वाद्य. हा काही मिरवायचा माल नव्हे. मिशेल पेत्रुचियानीची टोकियोतली १९९७ ची मैफल मिळाली तर जरूर ऐका. पियानो, स्टीव्ह गॅडचे ड्रम्स आणि जॅक्सन. सहा तारा आहेत हे डोळे मिटून ऐकणाऱ्याला कळणारही नाही. एवढंच जाणवतं, की पियानो कुठेही गेला तरी खाली जमीन आहे.

खालच्या 'बी'ची गोष्ट वेगळी आहे आणि तिच्यात पोटाचा प्रश्न जास्त उघडपणे येतो. जिमी जॉन्सनने १९७६ सालीच अलेंबिककडून खालच्या 'बी'चा पाच तारांचा बेस करून घेतला होता, पण बाजाराला जाग आली ती सिंथेसायझरमुळे. पार्लमेंटचं 'फ्लॅश लाइट' १९७८ साली गाजलं. त्यातला बेस बेस गिटारवर नाहीच! बर्नी वॉरेलने तो मूगवर, म्हणजे सिंथेसायझरवर वाजवलाय. बेसवाल्यांच्या दृष्टीने विचार करा. तुमचं वाद्य ज्या 'ई'वर येऊन थांबतं, त्याच्या खाली कीबोर्डवाला डाव्या हाताने आरामात फिरतोय, आणि गाणी त्या सुरांत बनायला लागलीत. पुढे ८० च्या दशकात पाच तारांचे बेस सर्रास दिसायला लागले, ते काही हौसेपोटी नाही. ऑटोमेशनने नोकरी जाते का, ह्या प्रश्नाला दिलेलं ते एक उत्तर होतं. आपल्या क्षेत्रातल्या मंडळींना ही भावना अलीकडे बरीच ओळखीची झाली असेल :)

मग गिटारवाल्यांनी दुसऱ्या बाजूने धडक मारली. १९९० साली आयबानेझने स्टीव्ह वायसाठी सात तारांची गिटार बाजारात आणली. १९९४ साली कॉर्नने तीही आणखी खाली उतरवली. पुढे मेशुगासारख्या मंडळींनी आठ तारा लावल्या. आठ तारांच्या गिटारची खालची तार साधारण ४६ हर्ट्झवर बोलते, आणि चार तारांच्या बेसची 'ई' ४१ वर! भाडेकरू घरमालकाच्या खोलीत येऊन झोपल्यासारखंच झालं हे. बेसवाल्याने जायचं कुठे? ह्या संगीतात बेसला पाचवी-सहावी तार आली तिला निदान हे सबळ कारण आहे.

पण खाली जाण्याला मर्यादा आहे, आणि इथे मी भक्तमंडळींच्या विरोधात जातो. 'बी' साधारण ३१ हर्ट्झ. त्याच्या खालचा 'एफ शार्प' २३. माणसाचा कान वीसच्या आसपास हात टेकतो. तेवीस हर्ट्झच्या एका लाटेची लांबी जवळजवळ पंधरा मीटर भरते. तुमच्या आमच्या फ्लॅटमध्ये ती लाट मावत नाही. मोबाइलच्या स्पीकरवर तर 'ई' सुद्धा येत नाही. वरच्या हार्मोनिक्सवरून मेंदू खालचा सूर मनाने भरून घेतो आणि आपल्याला वाटतं आपण बेस ऐकला. मागे एका मंगल कार्यालयात, मित्राच्या भावाच्या संगीत-संध्येत वाजवत होतो. मी मोठ्या अभिमानाने खालच्या 'बी'वर उतरलो की समोर काहीच नाही. नुसती तार हलतेय. साउंडवाल्या दादांना विचारलं, तर ते शांतपणे म्हणाले, "साहेब, खालचं सगळं कापलंय. छताचे पत्रे वाजतात." पत्र्यांपुढे कुणाचं चालतं? उरलेला कार्यक्रम मी वरच्या चार तारांवर काढला.

वरच्या बाजूला तारा वाढवत जाणाऱ्यांचा प्रकार निराळा आहे. शिकागोच्या बिल डिकन्सचं नाव सात तारांसाठी घेतलं जातं. कॉन्क्लिन कंपनीने त्याच्या नावाचा बेस काढला होता. जीन बॉडिन अकरा तारांवर वाजवतो, दोन्ही हात दांडीवर, पियानोसारखे. ऐकायला सुंदर लागतं. पण तो बेस आहे का? माझं प्रामाणिक मत, नाही. आणि त्यात कमीपणा काहीच नाही. ते दोन्ही हातांनी वाजवायचं एक पूर्ण, एकट्याचं वाद्य आहे. एमेट चॅपमनने १९७४ सालापासून आपलं दहा तारांचं वाद्य विकलं तेव्हा त्याला 'स्टिक' असं वेगळं नाव दिलं, आणि मग ते बेस आहे की गिटार ह्यावर कुणाला भांडावं लागलं नाही. अकरा तारांनाही कुणीतरी एक नाव द्यावं. निम्मी भांडणं मिटतील.

शरीराचाही विचार करा. फेंडरच्या बेसवर दोन तारांत घोडीपाशी साधारण १९ मिलिमीटर अंतर असतं. चार तारांची रुंदी ५७ मिलिमीटर. तेच अंतर ठेवून नऊ तारा लावल्या तर १५२. म्हणजे शाळेतली सहा इंची पट्टी आडवी धरा, तेवढी! त्यावर मनगट वळवून खालच्या तारेपर्यंत बोट न्यायचं. म्हणून कारागीर तारा जवळ आणतात, आणि तारा जवळ आल्या की अंगठ्याने ठोकून वाजवणाऱ्याची बोटं अडकतात. फुकट काहीच मिळत नाही.

आपल्याकडे हा वाद नाही असं समजू नका. सतारीत विलायत खाँसाहेबांनी खर्जाच्या तारा काढून टाकल्या, रविशंकरांनी त्या ठेवल्या. एकाला गायकी अंग हवं होतं, दुसऱ्याला खर्जातली आलापी. विलायत खाँसाहेबांची सतार अपुरी आणि रविशंकरांची दिखाऊ, असं कुणी म्हटलं तर दोन्हीकडचे लोक त्याला मैफलीतून उठवतील. तारा किती, हे त्या दोघांच्याही संगीतातून ठरलं होतं. बेसला एवढीच मुभा द्यायला आमच्या मित्रांचं काय जातं?

हल्ली तालमीच्या खोलीत विशी-बाविशीची पोरं सहा तारांचा बेस घेऊन येतात. बहुतेकांनी थंडरकॅटला ऐकलेलं असतं. (चांगली गोष्ट आहे. तो सहा तारांवर कॉर्ड्स वाजवतो आणि वरून गातो, आणि तरी खालचं काम सोडत नाही.) जुनी मंडळी त्या पोरांकडे बघून नाकं मुरडतात. मी बघतो ते त्यांच्या उजव्या हाताच्या अंगठ्याकडे. सहा तारांत वाजवायची असते एक, आणि गप्प ठेवायच्या असतात पाच. त्या नाही दाबल्या तर आपोआप गुणगुणायला लागतात आणि सगळ्या बँडचा चिखल होतो. ज्याचा अंगठा वाजणाऱ्या तारेबरोबर वर सरकत जातो आणि मागच्या तारांवर पडून राहतो, त्याला तुम्ही अठरा तारा द्या, माझी हरकत नाही. मागच्या महिन्यात एक मुलगी आली होती, वाद्य जवळजवळ तिच्याएवढं. दोन तास वाजवलं. वरच्या 'सी'ला तिने हात लावला फक्त दोनदा, आणि दोन्ही वेळा गाण्याला तो हवाच होता. जाताना आमच्या ड्रमरने तिला नंबर विचारला... आमच्या बँडमध्ये बेसला कोण आहे, हे तो विसरला असावा.