बीटावर रोजचे काम

हायकू ही ऑपरेटिंग सिस्टिम पेन ड्राइव्हवर टाकायची, थोडा वेळ खेळायचे, ‘काय झटपट चालते!’ म्हणायचे आणि पुन्हा मुकाट्याने लिनक्सकडे वळायचे, हा आपल्या मंडळींचा जुना शिरस्ता आहे. ऑगस्ट २००१ मध्ये बीओएस ही सिस्टिम बनवणाऱ्या बी कंपनीची मालमत्ता १ कोटी १० लाख डॉलरना पाम कंपनीकडे जाणार हे जाहीर झाले. त्याच महिन्यात बीओएसच्या चाहत्यांनी ती सिस्टिम मुक्त परवान्याखाली नव्याने लिहायला घेतली; तीच ही हायकू. सप्टेंबर २०२४ मध्ये पाचवी बीटा, म्हणजे चाचणी आवृत्ती, आली. पहिली पक्की आवृत्ती अजून यायचीच आहे.

अशा सिस्टिमवर रोजचे काम करावे का? करावे, असे आमचे मत आहे. मात्र ग्राहकाच्या यंत्रावर नाही, आणि सगळे काम तर नाहीच. जुन्या लॅपटॉपवर एकच काम नेमून द्या. टपाल द्या, म्हणजे हायकूचे खरे बळ कळेल. इथे प्रत्येक ईमेल ही साधी फाइल असते. पाठवणारा, विषय, वाचले की नाही हे सारे फाइल सिस्टिमच त्या फाइलीसोबत गुणधर्म म्हणून ठेवते. ‘अमुक माणसाची न वाचलेली पत्रे’ असा शोध ट्रॅकर या फाइल व्यवस्थापकात उघडा ठेवला की नवे पत्र आपसूक त्या खिडकीत येऊन बसते. त्यासाठी ईमेलचा प्रोग्राम उघडावाही लागत नाही. बीओएससाठी ही फाइल सिस्टिम रचणाऱ्या डॉमिनिक जाम्पाओलोने पुढे अ‍ॅपलमध्ये स्पॉटलाइट या शोधसुविधेवर काम केले, यात नवल ते काय!

अपडेट बिघडले तरी फार घाबरायला नको. पॅकेजे उलगडून डिस्कभर पसरत नाहीत, जशीच्या तशी माउंट होतात. त्यामुळे बूट मेनूतून आधीची स्थिती निवडता येते.

आता दुखणी. ग्राफिक्स कार्डाचा वेग वापरला जात नाही, चित्र प्रोसेसरच रंगवतो. वापरकर्ता एकच, आणि त्याला सगळे अधिकार. तेव्हा बँकेचे व्यवहार दुसऱ्या यंत्रावर. आपल्याला सर्वांत बोचते ती देवनागरी. हायकूच्या स्वतःच्या प्रोग्रामांत अक्षरांची मांडणी नीट होत नाही, ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी यायची ती मागे जाते, जोडाक्षरे सुटी पडतात. क्यूटी या लायब्ररीवर बेतलेले प्रोग्राम ही मांडणी स्वतः करतात, म्हणून तिथे निभावते. मराठी मजकूर रोज टंकणारा कोणी वापरतच नसेल, तर या उणिवेची निकड हायकूच्या मोजक्या स्वयंसेवकांना जाणवणार कशी?

म्हणून वापरा, आणि अडले की कळवा. ‘वाय-फाय चालत नाही’ एवढेच लिहिलेली तक्रार कुणाच्या कामाची नसते. कार्डाचे मॉडेल, हायकूचा नेमका आवृत्ती क्रमांक, सिसलॉगची (सिस्टिमच्या नोंदींची) फाइल आणि आधीच्या बीटावर तेच कार्ड चालत होते का, एवढे द्या. मांडणीची तक्रार असेल तर सोबत स्क्रीनशॉट जोडा, आणि तेच वाक्य बरोबर कसे दिसायला हवे त्याचाही.