रॉकीचा डबा आणि लखनौची उमराव

जुलै २०२४ मध्ये अमेरिकेत 'रॉकी'चा नवा डबा बाजारात आला. सिल्व्हेस्टर स्टॅलोनच्या या मुष्टियोद्ध्याचे १९७६ ते २००६ या काळातले सहाही चित्रपट त्यात फोर-के डिस्कवर आहेत. त्याला वर्ष होत आले असताना, २७ जून २०२५ रोजी, भारतातल्या मल्टिप्लेक्समध्ये लखनौच्या तवायफेची गोष्ट सांगणारा मुझफ्फर अली यांचा 'उमराव जान' पुन्हा झळकला. दोन्ही चित्रपट एकाच पिढीतले. 'रॉकी' १९७६ चा, 'उमराव जान' १९८१ चा. पण 'उमराव जान'चे मूळ निगेटिव्ह वापरण्याजोगे राहिले नव्हते. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात एक ३५ मिलिमीटरची प्रिंट जपलेली होती, तिच्यावरून चित्रपट नव्याने उभा करावा लागला. ती प्रिंट नसती तर लखनौला आपला सर्वांत लाडका चित्रपट नव्या झळाळीत पाहायला मिळाला नसता.

'रॉकी'ची सुरुवात तशी गरिबीतली. मार्च १९७५ मध्ये चक वेपनर हा फारसा कुणाला माहीत नसलेला मुष्टियोद्धा मोहंमद अलीसमोर पंधराव्या फेरीपर्यंत टिकला. ती लढत पाहून स्टॅलोनला कथा सुचली. दिग्दर्शक जॉन अ‍ॅव्हिल्डसन यांनी सुमारे दहा लाख डॉलर्समध्ये आणि अवघ्या अठ्ठावीस दिवसांच्या चित्रीकरणात चित्रपट पूर्ण केला. सर्वोत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शन आणि संकलन अशी तीन ऑस्कर त्याने पटकावली. २००६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत त्याची नोंद झाली. त्याच वर्षी साठीतल्या रॉकीला पुन्हा रिंगणात उतरवणारा सहावा भाग आला आणि २०१५ पासून 'क्रीड' चित्रपटांनी ही गोष्ट पुढच्या पिढीकडे नेली.

घरगुती आवृत्त्यांचा प्रवास याला समांतर चालला. आधी व्हिडिओ कॅसेट, मग डीव्हीडी. २००९ मध्ये ब्लू-रे संच, २०१४ च्या संचासाठी पहिल्या चित्रपटाची नव्याने केलेली फोर-के प्रत, २०२३ मध्ये पहिले चार भाग फोर-के डिस्कवर आणि पुढच्या वर्षी सहाही. त्याच त्याच चित्रपटांसाठी चाहत्याचा खिसा पुन्हा पुन्हा रिकामा करण्याचा हा धंदा आहे, अशी टीका होते आणि ती खोटी नाही. पण या धंद्याचा एक मोठा फायदा होतो. नवा संच काढायचा म्हटले की कंपनीला मूळ फिल्मकडे परतावे लागते. ती धड आहे का, रंग उडाले आहेत का, ध्वनिपट्टी कुठे आहे, हे पाहावे लागते. ज्या फिल्मवर दर काही वर्षांनी कुणाची तरी नजर पडते, ती कुठल्याशा कोठारात विसरली जाऊन बुरशीच्या तोंडी पडण्याची शक्यता कमी होते.

या डब्यातल्या चौथ्या भागाचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. १९८५ च्या 'रॉकी ४' मध्ये रॉकीच्या मेहुण्याला, पॉलीला, वाढदिवसाला एक बोलता यंत्रमानव भेट मिळतो. २०२१ मध्ये स्टॅलोनने या चित्रपटाचे नवे संकलन केले, पूर्वी न वापरलेली बरीच दृश्ये त्यात घातली आणि यंत्रमानवाला पूर्ण काढून टाकले. दिग्दर्शक तोच असल्याने त्याला तो अधिकार आहे. पण १९८५ मध्ये लोकांनी थिएटरात जो चित्रपट पाहिला, तोही इतिहासाचा भाग आहे. संचात दोन्ही आवृत्त्या आहेत. कोणती पाहायची, हे प्रेक्षक ठरवतो. चित्रपट फक्त एखाद्या कंपनीच्या सर्व्हरवर असता, तर जुनी आवृत्ती काढून नवी चढवायला एक रात्र पुरली असती.

आपल्याकडे हा प्रश्न काल्पनिक नाही. 'शोले'चा मूळ शेवट, ज्यात ठाकूर गब्बरला संपवतो, आणीबाणीच्या काळात सेन्सॉरने बदलायला लावला. तो शेवट असलेली पुनरुज्जीवित प्रत मोठ्या पडद्यावर यायला २०२५ उजाडावे लागले.

मुष्टियुद्धाचे चित्रपट आपल्याकडेही कमी नाहीत. लखनौपासून काही तासांवर असलेल्या बरेलीत अनुराग कश्यपचा 'मुक्काबाज' घडतो. जानेवारी २०१८ मध्ये प्रदर्शित झालेल्या या चित्रपटात विनीतकुमार सिंह यांचा श्रवण रिंगणातल्या प्रतिस्पर्ध्याइतकाच जातीशी, क्रीडा संघटनेतल्या दादागिरीशी आणि सरकारी नोकरीतल्या अपमानाशी लढतो. उत्तर प्रदेशातल्या छोट्या शहरांतल्या खेळाडूचे जगणे इतक्या जवळून दाखवणारे चित्रपट हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. २०२१ च्या जुलैत डोंगरीतल्या मुष्टियोद्ध्याची गोष्ट सांगणारा 'तूफान' आणि उत्तर मद्रासच्या मुष्टियुद्ध घराण्यांवरचा पा. रंजित यांचा 'सारपट्टा परंबरै' एकाच महिन्यात आले. करोनाकाळ असल्याने दोन्ही थेट प्राइम व्हिडिओवर प्रदर्शित झाले. थिएटरची प्रिंट निघाली नाही. वर्गणी भरा आणि पाहा, एवढाच प्रेक्षकाचा त्यांच्याशी संबंध.

घरात चित्रपट ठेवण्याची संधी आपल्याला मिळाली नाही असेही नाही. मुंबईत १९६२ मध्ये पुस्तकांचे वाचनालय म्हणून सुरू झालेल्या शेमारूने पुढे कॅसेट भाड्याने दिल्या आणि मग चित्रपट घरोघर पोचवले. नोएडाची मोझर बेअर २००७ च्या सुमारास या धंद्यात उतरली, ती व्हीसीडी अठ्ठावीस रुपयांना आणि डीव्हीडी चौतीस रुपयांना विकत. चोरट्या प्रतींच्या तोडीस तोड किमतीत अधिकृत डिस्क मिळू लागली. पण त्या डिस्कसोबत चित्रपटाची माहिती नसे, दिग्दर्शकाचे बोलणे नसे, चांगल्या प्रतीचा आग्रहही नसे. स्वस्तात विकले, स्वस्तातच विसरले. पुढे मोझर बेअर दिवाळखोरीत निघाली आणि दुकानांतली डिस्कची कपाटेही रिकामी झाली.

'उमराव जान'च्या बाबतीत नेमके काय गमावले, हे समजून घेण्यासारखे आहे. कॅमेऱ्यातून निघालेल्या निगेटिव्हमध्ये जेवढे बारकावे असतात, तेवढे प्रदर्शनाच्या प्रिंटमध्ये उतरत नाहीत. प्रत काढताना अंधाऱ्या भागातले तपशील बुजतात. ती प्रिंट प्रोजेक्टरवर फिरत राहिली की ओरखडे येतात, तुटलेल्या जागी जोड बसतात. 'उमराव जान' तर दिव्यांच्या उजेडातल्या मैफलींचा चित्रपट. सुभाषिनी अली यांनी घडवलेली वेशभूषा, जरीची चमक, कोठ्याच्या कोपऱ्यातल्या सावल्या, हे सारे प्रिंटमध्ये जेवढे उरले होते तेवढेच परत मिळवता आले. रेखाचा अभिनय, खय्याम यांचे संगीत आणि आशा भोसले यांचे गायन यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळवून देणाऱ्या चित्रपटाची ही गत. मग ज्यांना पुरस्कार नाहीत, नामवंत नट नाहीत, त्या चित्रपटांचे काय होत असेल? भारताचा पहिला बोलपट 'आलम आरा' १९३१ चा. त्याची एकही प्रत आज उपलब्ध नाही. पुण्यात २००३ मध्ये लागलेल्या आगीत नायट्रेट फिल्मची हजारो रिळे जळाली.

एकाच ठिकाणी एकच प्रत ठेवण्याचा धोका कसा टाळायचा, हे संगीताच्या बाबतीत लखनौला एका मराठी माणसाने शंभर वर्षांपूर्वी दाखवून दिले होते. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी देशभर हिंडून उस्तादांच्या गळ्यातल्या बंदिशी मिळवल्या, त्यांचे स्वरलेखन केले आणि 'क्रमिक पुस्तक मालिके'च्या सहा भागांत त्या छापल्या. घराण्याबाहेर जाऊ न देण्याच्या चिजा विद्यार्थ्याच्या टेबलावर आल्या. १९२६ मध्ये लखनौत सुरू झालेले त्यांचे मॅरिस कॉलेज आज भातखंडे संस्कृती विश्वविद्यालय म्हणून कैसरबागेत उभे आहे. छापल्याने गायकी मरते, असे तेव्हा म्हणणारे होते. त्या बंदिशी आजही शिकवल्या जातात, कारण त्या असंख्य हातांत पोचल्या.

डिस्कचा जमाना संपला, घरात प्लेअरही उरला नाही, असा आक्षेप येईल. घरोघर प्लेअर परत येतील, अशी अपेक्षा कुणीच करत नाही. पण सार्वजनिक ग्रंथालयात एक यंत्र आणि चार खुर्च्या ठेवणे अवघड नाही. लखनौच्या कैसरबागेतल्या अमीर-उद-दौला ग्रंथालयात लखनौवरचे चित्रपट आणि पुण्या-कोल्हापूरच्या नगर वाचनालयांत मराठी चित्रपटांचे संच असायला काय हरकत आहे? मागणी मोजक्या ग्रंथालयांकडून आली तरी निर्मात्यांना नीट आवृत्ती काढायला कारण मिळेल.

कायद्याचा आधार मात्र सरकारनेच द्यायला हवा. १९५४ च्या कायद्यानुसार प्रत्येक प्रकाशकाला आपल्या पुस्तकाची प्रत कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय आणि मुंबईच्या एशियाटिक सोसायटीसह ठरावीक ग्रंथालयांना द्यावी लागते. चित्रपटांसाठी असे बंधन नाही. आपल्याकडे थिएटरात दाखवायच्या चित्रपटाला प्रमाणपत्र सक्तीचे आहे, पण त्याची कायमस्वरूपी प्रत संग्रहालयात देणे सक्तीचे नाही. हा उलटा न्याय आता दुरुस्त व्हावा. थिएटरात लागणाऱ्या चित्रपटाची उत्तम दर्जाची प्रत प्रदर्शनानंतर वर्षभरात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जमा करण्याचे बंधन घालावे आणि थेट ओटीटीवर येणाऱ्या चित्रपटांनाही ते लागू करावे. एक प्रत पुण्यात आणि दुसरी दूरच्या शहरात ठेवावी. संकलन बदलले तर दोन्ही आवृत्त्या घ्याव्यात.

वाचकांनाही एक विनंती आहे. जुन्या मराठी-हिंदी चित्रपटांच्या अधिकृत डिस्क अजून घरात असतील तर त्या भंगारात देऊ नका. जवळच्या ग्रंथालयाला किंवा फिल्म सोसायटीला विचारा आणि ते घेत असतील तर त्यांच्याकडे सोपवा.